सॅन फ्रान्सिस्को मारू: ५० मीटरवरच्या बुडीची आखणी, वरून खाली

मायक्रोनेशियातल्या ट्रुक (आजचं चुऊक) लगूनमध्ये फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात बुडालेली जपानी जहाजं डझनावारी आहेत. त्यांतलं सॅन फ्रान्सिस्को मारू हे साधारण ११७ मीटर लांबीचं मालवाहू जहाज तळावर सरळ उभं बसलंय. डेकवर रणगाडे, पोटात सुरुंग आणि ट्रक. डेक ५० मीटरच्या आसपास, समुद्रतळ सुमारे ६३ मीटरवर. पाणी २८-२९ अंश, प्रवाह बहुतेक वेळा नगण्य, नजर चांगली लांब पोचते. म्हणजे भीती वाटावी असं वरकरणी काहीच नाही, आणि गोंधळ तिथेच होतो.

तारकर्लीत पहिल्यांदा तोंडात रेग्युलेटर धरून पुढे नेत्राणी, अंदमान करत आलेले बरेच मराठी डायव्हर आता या बुडीबद्दल विचारतात. सगळ्यांची आखणी रणगाड्यापासून सुरू होते: खाली किती वेळ मिळेल, फोटो कुठून येईल. ५० मीटरवर ही दिशाच चुकीची. इथे आधी कळस, मग पाया. सहा मीटरवरचा शेवटचा थांबा पक्का करा, त्याआधीचा गॅस पक्का करा, दोघांना वर आणायला लागणारा साठा बाजूला काढा. उरेल तो तुमचा तळावरचा वेळ.

हा लेख कोर्सची जागा घेत नाही. कोर्स झालेल्यांकडूनही जो क्रम चुकतो, तो इथे मांडलाय.

टप्पा १: आपण या बुडीसाठी तयार आहोत का?

हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर आहे. या जहाजाचा डेक तिच्याही खाली, आणि इथून थेट वर येता येत नाही. थांबे घ्यावेच लागतात. त्यामुळे डिकॉम्प्रेशन पद्धतीचं (शरीरात विरलेला वायू बाहेर पडावा म्हणून थांबत थांबत वर येण्याचं) प्रशिक्षण आणि ट्रायमिक्सचा (हेलियम मिसळलेल्या गॅसचा) कोर्स, दोन्ही हवेत. नुसतं ‘डीप’ कार्ड चालत नाही.

कार्ड कधी मिळालं यापेक्षा गेल्या सहा महिन्यांत जोड सिलिंडर आणि दोन डेको (डिकॉम्प्रेशन थांब्यांच्या) सिलिंडर घेऊन पाण्यात किती उतरलात हे पाहा. ६ मीटरवर दोरीला हात न लावता, वरखाली न होता दहा मिनिटं स्थिर राहता येत नसेल तर तिकीट काढू नका. पाठीमागचे व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने बंद-चालू करता येत नसतील तरीही नाही.

तपासा: जोडीदाराचं प्रशिक्षण तुमच्याइतकंच आहे ना? जोडीतला कमी तयारीचा माणूस बुडीची मर्यादा ठरवतो. ‘मी सांभाळून घेईन’ हे वाक्य चहाच्या टपरीवर ठीक.

टप्पा २: पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

डायव्ह सेंटरला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. हेलियम आहे का, किती आधी सांगावं लागेल, लिटरला काय दर? बेटावर हेलियम महाग पडतो आणि ऐनवेळी संपलेला असू शकतो. जोड सिलिंडर मॅनिफोल्डवाली (नळीने एकमेकींना जोडलेली) आहे की दोन सुटी? डेको सिलिंडरला रेग्युलेटर मिळतो की आपला आणायचा? बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन किती मिनिटांचा आहे? पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायचं रिकॉम्प्रेशन चेंबर आज चालू आहे का? ‘बेटावर चेंबर आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘चालू आहे का, चालवणारा माणूस आहे का’ असंच विचारा.

विमा घेताना खोलीची आणि डिकॉम्प्रेशन बुडीची अट वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत ३० किंवा ४० मीटरनंतर संरक्षण नसतं.

ग्वाममार्गे जाणार असाल तर भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो, नुसतं विमान बदलायचं असलं तरी. चांगल्या चांगल्यांचं घोडं इथे अडतं.

टप्पा ३: गॅस कोणता?

या जहाजावर साध्या हवेवर उतरणारे लोक तुम्हाला भेटतील, आणि ‘काही होत नाही’ असंही सांगतील. आकडे बघा.

५० मीटरवर दाब ६ बार. हवेतला ऑक्सिजन १.२६ बारवर, म्हणजे तळावरच्या १.४ बारच्या मर्यादेत. पण हवेची घनता तिथे लिटरला सुमारे ७.७ ग्रॅम होते. श्वासाच्या गॅसची घनता ५.२ च्या आत ठेवावी आणि ६.२ ओलांडू नये, अशी शिफारस आहे. घनता वाढली की श्वास घ्यायला कष्ट पडतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, नशा (खोलीवर गॅसमुळे येणारी गुंगी) वाढते आणि आधीच सुस्तावलेलं डोकं चुकीचा निर्णय घेतं. हे सगळं माणसाला स्वतःला जाणवत नाही, हा त्यातला खरा धोका.

२१/३५ ट्रायमिक्स (२१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन) घेतलं तर त्याच खोलीवर घनता ५.५ च्या आसपास येते आणि नशा हवेवर २९ मीटरला असते तेवढीच राहते. १८/४५ घेतलं तर घनता ४.८ आणि नशा साधारण २३ मीटरइतकी. परवडत असेल तर १८/४५ घ्या. नाहीतर २१/३५ ही किमान पातळी समजा. हेलियमचे पैसे वाचवायचे असतील तर ही बुडी सोडा आणि उथळ जहाजं करा. ट्रुकमध्ये त्यांची कमतरता नाही.

वर येताना दोन गॅस: ५० टक्के नायट्रॉक्स (निम्मा ऑक्सिजन, निम्मा नायट्रोजन) २१ मीटरपासून, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपासून.

सावधान: २१/३५ वर ऑक्सिजनचा दाब ५६ मीटरला १.४ बार होतो. समुद्रतळ त्याच्या खाली आहे. डेकच्या कठड्याबाहेर ‘जरा खाली जाऊन प्रोपेलर बघू’ हा विचार या गॅसवर करायचा नाही.

टप्पा ४: उलटा हिशेब

कागदावर करा, हाताने. सॉफ्टवेअर नंतर.

समजा, तुमचा श्वास पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर आहे. (हा आकडा स्वतःच्या बुड्यांवरून काढा, मित्राचा वापरू नका.) सिलिंडर ११ लिटरच्या दोन, म्हणजे २२ लिटर. भरलेला दाब २०० बार. एकूण ४,४०० लिटर.

आता आधी राखीव साठा. कल्पना करा की तळावर शेवटच्या मिनिटाला जोडीदाराचा गॅस गेला. दोघेही घाबरलेले, प्रत्येकाचा श्वास ३० लिटर, मिळून ६०.

तळावर गडबड आवरायला २ मिनिटं: ६० × ६ × २ = ७२० लिटर.

५० वरून २१ मीटरपर्यंत, मिनिटाला ९ मीटर वेगाने, धरून चालू ४ मिनिटं. सरासरी दाब ४.६ बार: ६० × ४.६ × ४ = १,१०४ लिटर.

२१ मीटरवर गॅस बदलायला १ मिनिट: ६० × ३.१ = १८६ लिटर.

बेरीज २,०१० लिटर, म्हणजे ९१ बार, ९५ धरा. हा गॅस तुमचा नाही, जोडीदाराचा आहे. त्याला हात लावायचा नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने २१ मीटरच्या खाली थांबा दाखवला तर तोही यात मिळवा.

उरले २,३९० लिटर. तळावर मिनिटाला २० × ६ = १२० लिटर लागतात. म्हणजे २० मिनिटांना जेमतेम कमी. उतरताना गॅस थोडा कमी लागतो, म्हणून बुडीचा वेळ २० मिनिटं, पृष्ठभाग सोडून खाली निघाल्या क्षणापासून धरून. तळाला पोचल्यावर घड्याळ सुरू करणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात तीनेक मिनिटं मोजायचीच राहून जातात आणि डेकोची आखणी कोलमडते.

आता एक गोष्ट जवळून बघा. उष्ण हवेत घाईने भरलेली सिलिंडर हाताला गरम लागते आणि गेज २०० दाखवतो. थंड झाल्यावर तोच गेज १८० वर येतो. १८० ला एकूण ३,९६० लिटर; राखीव काढून उरतात १,९५०; म्हणजे १६ मिनिटं. चार मिनिटं बोटीवरच गेली. म्हणून हिशेब बुडीच्या सकाळी, थंड सिलिंडरच्या खऱ्या आकड्यावर पुन्हा करा. राखीव साठा तोच राहतो. कापायचा तो तळावरचा वेळ.

डेको गॅसला दीडपट नियम: जेवढा लागेल त्याच्या दीडपट सोबत. २० मिनिटांच्या तळवेळेला वर यायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. नेमका आकडा तुमच्या डायव्ह कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतो.

टप्पा ५: ‘हे गेलं तर’ च्या पाट्या

मनगटाच्या पाटीवर मूळ आराखड्याखेरीज चार गोष्टी लिहून न्या: ३ मीटर खोल गेलो तर, ५ मिनिटं जास्त राहिलो तर, ५० टक्क्यांचा गॅस गेला तर, ऑक्सिजन गेला तर. कॉम्प्युटर दोन असले तरी पाटी हवी. कॉम्प्युटरला ‘माझ्याकडे हा गॅस आता नाही’ हे सांगायचं बटण ऐनवेळी आठवत नाही.

जोडीदाराच्या पाटीवर तेच आकडे आहेत का, हे बोटीवर मोठ्याने वाचून जुळवा. दोघांच्या कॉम्प्युटरची सेटिंगं वेगळी असली की एक जण १२ मीटरवर थांबतो आणि दुसरा ९ ला निघतो.

टप्पा ६: आठवड्यातला क्रम

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को करायचं नाही. लांबचा प्रवास, जेटलॅग, उकाडा. शरीरात पाणी कमी असतं.

फुजिकावा मारूपासून सुरू करा: डेक १८ मीटरच्या आसपास, वजन आणि तोल जुळवायला उत्तम. मग शिनकोकू मारू. मग निप्पो मारू, जिथे तळ ५० मीटरपर्यंत जातो पण वरच्या भागात राहून पूर्ण डेको साहित्यासह सराव होतो. गॅस बदलणं, डेको सिलिंडर काढून जोडीदाराला देणं, बोटीला खूण म्हणून वर फुगा सोडणं हे सगळं इथे करून घ्या. त्यानंतर मोठी बुडी, आणि तीही दिवसातली पहिली.

सावधान: रोज ऑक्सिजनवर डेको केल्यावर फुप्फुसांवर आणि मज्जासंस्थेवर ऑक्सिजनचा भार साचत जातो. मध्ये एक कोरडा दिवस ठेवा. ‘इतक्या लांब येऊन एक दिवस वाया’ असं वाटेल. वाटू दे.

टप्पा ७: बुडीच्या सकाळी

प्रत्येक सिलिंडर तुम्ही स्वतः तपासायची. ट्रायमिक्सला ऑक्सिजन आणि हेलियम दोन्ही मोजा. कार्बन मोनॉक्साइडचं मीटर असेल तर तेही लावा. मोजल्या मोजल्या पट्टी चिकटवा: टक्केवारी, कमाल खोली, तारीख, तुमचं नाव. कमाल खोलीचा आकडा मोठा, बाजूने वाचता येईल असा: २१ आणि ६. ‘काल मोजली होती’ ही सबब नको. रात्रीतून सिलिंडरांच्या जागा बदलतात.

डेको रेग्युलेटर लावून दाब भरा, मग व्हॉल्व्ह बंद करा. त्याचा तोंडात धरायचा भाग रबराखाली नीट खोचा. तळावर लोंबकळणारा डेको रेग्युलेटर चुकून तोंडात गेला तर ५० टक्के गॅसवर ५० मीटरला ऑक्सिजनचा दाब ३ बार होतो. झटका येतो, आणि पाण्यात झटका म्हणजे बुडणं.

बोटवाल्याला तीन गोष्टी विचारा. दोरी जहाजाच्या कुठल्या भागाला बांधलीय? ६ मीटरवर जादा ऑक्सिजन टांगणार का? आम्ही अमुक मिनिटाला दिसलो नाही तर तू काय करशील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकूनच पाण्यात उतरा.

टप्पा ८: उतरणं

दोरीने उतरा, मोकळ्या पाण्यात नको. ६ मीटरवर थांबून एकमेकांच्या नळ्या, व्हॉल्व्ह, गळतीचे बुडबुडे बघा. एक मिनिट पुरतं. मग सलग खाली. कान अडला, दिवा बंद पडला, पोटात कससं झालं, कुठलंही कारण चालतं: अंगठा वर, बुडी रद्द, ‘का?’ विचारायचं नाही. हा नियम आदल्या रात्री दोघांनी मोठ्याने कबूल केलेला असावा.

जहाजाची आकृती बरीच वरून दिसायला लागते, म्हणून खोलीचा अंदाज चुकतो. डेकच्या चार-पाच मीटर वरच वेग कमी करा. धपकन आदळलात तर गाळ उठतो आणि पुढची सगळी बुडी धुक्यात.

टप्पा ९: तळावर, एकच काम

पहिल्या बुडीला फक्त रणगाडे. ते ब्रिजच्या (जहाज चालवायच्या खोलीच्या) पुढच्या डेकवर आहेत: उजवीकडे दोन एकमेकांवर रेललेले, डावीकडे एक. पुढच्या टोकाची तोफ थोडी उथळ आहे, पण तिथवर जाऊन परत येण्यात मिनिटं जातात. तोफ दुसऱ्या बुडीला. ‘दोन्ही उरकू’ म्हणणाऱ्यांचा वेळ परतीच्या दोरीपाशी संपतो, ती सापडायच्या आत.

निघायची खूण तीनपैकी जी आधी येईल ती: ठरलेलं मिनिट, ठरलेला दाब किंवा कॉम्प्युटरवरचा वर पोचायला लागणारा एकूण वेळ. ९५ बार आणि २० वं मिनिट ही दोरीवरून वर निघायची खूण आहे. दोरीपासून लांब असाल तर वळायची खूण त्याआधी: १६ व्या मिनिटाला तोंड फिरवा.

कॅमेरेवाल्यांनो, स्क्रीनकडे बघताना गेज दिसत नाही. जोडीदाराने दर तीन मिनिटांनी दाब विचारायचा आणि तुम्ही बोटांनी सांगायचा. उत्तर यायला उशीर झाला किंवा आकडा चुकला, तर नशा चढलीय असं समजून दोघांनी वर निघायचं.

आत शिरायचं नाही. पाऊणशेहून जास्त वर्षं गंजलेलं पोलाद आहे. तुमच्या बुडबुड्यांनीच छतातून गंज झडतो. मालाच्या कोठाराच्या उघड्या तोंडावरून दिवा मारून ट्रक बघा, तेवढं पुरे. ज्यांचं आत शिरण्याचं वेगळं प्रशिक्षण झालंय त्यांनी राखीव साठा काढून उरलेल्या गॅसचे तीन भाग करावेत. २,३९० मधले ८०० लिटर आत जायला. म्हणजे ५० मीटरवर सात मिनिटंही नाहीत. एवढ्यासाठी जीव टांगायचा का, तुम्हीच ठरवा.

सावधान: पुढच्या कोठारातले सुरुंग खरे आहेत आणि आतली दारू अजून आत आहे. हात लावू नका, पंख मारू नका, वर टेकू नका. जहाजावरची कुठलीही वस्तू, बाटली किंवा कवचसुद्धा, उचलणं चुऊकच्या कायद्याने गुन्हा आहे. ही जहाजं माणसांच्या कबरीही आहेत. हाडं दिसली तर फोटो नको.

टप्पा १०: वर येणं आणि गॅस बदलणं

इथे घाई कराल तर वरच्या सगळ्या हिशेबावर पाणी.

मिनिटाला ९ मीटर, दोरीलगत, जोडीदार डोळ्यांसमोर. २१ मीटरवर पूर्ण थांबा. तरंगणं स्थिर झाल्याशिवाय सिलिंडरला हात नको. मग एकाने आधी, दुसऱ्याने नंतर.

पट्टीवरचा २१ हा आकडा डोळ्यांनी वाचा आणि जोडीदाराला दाखवा. स्वतःच्या खोलीचा आकडाही दाखवा. व्हॉल्व्ह उघडा. आता नळी सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून बोटांनी चाचपत तोंडाच्या टोकापर्यंत या: याच सिलिंडरची हीच नळी. एकदा दाबून बुडबुडा काढा. जोडीदाराने स्वतः नळीचा माग काढून ‘ठीक’ म्हटलं की मगच तोंडात. दोन श्वास घेऊन गेजची सुई हलते का बघा. सुई श्वासागणिक खाली-वर होत असेल तर व्हॉल्व्ह अर्धाच उघडलाय. मग कॉम्प्युटरवर गॅस बदला. हे झालं की दुसऱ्याची पाळी.

दोघांनी एकदम बदलायचं नाही. तेव्हा तपासणारं कोणी उरत नाही.

६ मीटरवर ऑक्सिजनला हीच पद्धत, शब्दशः. चूक बहुधा इथेच होते, कारण उजेड असतो, बोट दिसते, मन वर पोचलेलं असतं. शुद्ध ऑक्सिजनवर ६ मीटरला दाब आधीच १.६ बार, म्हणजे थांब्यावरच्या कमाल मर्यादेवर; ७ किंवा ८ ला घसरायचं नाही. लाटेने दोरी हलत असेल तर ती धरून लोंबकळू नका, बाजूला तरंगा. ऑक्सिजनवर हातपाय मारायचे नाहीत. ओठ फडफडणं, कानात आवाज, मळमळ वाटली तर लगेच पाठीवरच्या गॅसवर या.

तपासा: थांबा संपला तरी शेवटच्या ६ मीटरला दोन-तीन मिनिटं द्या. दाबातला सर्वांत मोठा फरक याच टप्प्यात होतो.

टप्पा ११: बोटीवर

जड साहित्य पाण्यातच काढून वर द्या. शिडीवर सगळा भार पेलून चढू नका. पाणी प्या, सावलीत बसा, तासभर काही उचलू नका.

खांदा किंवा कोपर दुखणं, कातडीवर जाळीदार लालसर-जांभळे डाग, मुंग्या, विचित्र थकवा, लघवीला अडथळा: यातलं काहीही झालं तर लगेच शंभर टक्के ऑक्सिजन द्या, आडवं झोपवा आणि कळवा. ‘खांदा सिलिंडर उचलताना लचकला असेल’ असं रुग्ण हमखास म्हणतो. निर्णय त्याच्यावर सोडू नका; पुन्हा पाण्यात तर अजिबात पाठवू नका.

दुपारची दुसरी बुडी उथळ ठेवा किंवा सोडा. तोफेसाठी दुसऱ्यांदा खोल जायचं ते वेगळ्या दिवशी, नव्याने मोजलेल्या गॅसवर, नव्या हिशेबाने. डिकॉम्प्रेशन बुडीनंतर विमानात बसायला किमान २४ तास जाऊ द्या. आठवडाभर रोज बुड्या झाल्या असतील तर त्याहून जास्त. तिथली विमानं रोज नसतात, तेव्हा परतीचं तिकीट आधी बघा आणि मोठ्या बुडीचा दिवस त्यावरून मागे मोजून ठरवा.